टोपणाच्या आतली बाजू

कागलात सायकलीला पुन्हा बरे दिवस आले आहेत, पण ज्यांचं सायकलीवाचून काहीच अडत नाही अशांच्यात. पूर्वी सायकल असायची ती डेअरीला दूध घालायला, शाळेला, कारखान्यावर पाळीला जायला. मोटारसायकल आली आणि ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजून गेली. आता मोटारसायकल दारात लावून लोक सायकलवर बसतात. रविवारी उजाडायच्या आत गैबी चौकात या, आठ-दहा जण तरी दिसतील. डॉक्टर, मास्तर, एमआयडीसीतले फोरमन, पतसंस्थेतले शाखाधिकारी, कॉलेजची पोरं. बोलणं काय, तर चाकात हवा किती पौंड भरली, लक्ष्मी टेकडीचा चढ कुणी कुठल्या गिअरवर काढला, निढोरीच्या रस्त्याचं काम कुठवर आलं. सायकलीही सगळ्या तऱ्हेच्या. कुणाची दहा-बारा हजारांची, कुणाची बुलेटच्या किमतीची. पण मधल्या दांडीला लावलेल्या पिंजऱ्यातली पाण्याची बाटली पाहिली, की हे सगळे एका पातळीवर येतात. ती बाटली आतून कुणीच पाहिलेली नसते. फार तर विसळलेली असते.

बाटली तशी साधीच. मऊ पॉलिथिनची, दाबली की तोंडात धार येते. वर फिरकीचं टोपण, टोपणाला ओढून उघडायची तोटी. एक हात हॅन्डलवर असतो, म्हणून तोटी दातांनी ओढायची, चार घोट घ्यायचे, ओठांनी परत दाबायची आणि बाटली न बघता पिंजऱ्यात सारायची. महागातली घ्या नाहीतर सायकलच्या दुकानदारानं गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून फुकट दिलेली घ्या, घडण तीच.

प्रवासाचं पाणी बरोबर नेण्याचं आपल्याकडचं जुनं भांडं म्हणजे फिरकीचा तांब्या. पितळेचा, वर आट्यांचं झाकण, धरायला कडी. पंढरपूरला, जोतिबाला, लांबच्या लग्नाला एसटीतून जाताना तो मांडीशी असायचा. त्याचंही तोंड अरुंद, हात आत जात नसे. आमची आजी त्यात मूठभर वाळू, चिंचेचा कोळ आणि थोडं पाणी घालून दोन्ही हातांनी खळखळवायची, मग उपडा करून उन्हात ठेवायची. झाकणाच्या आट्यांत राख घालून नारळाच्या शेंडीनं घासायची. तिला जंतू ठाऊक नव्हते. तांब्या-पितळेच्या अंगाला जंतू फार वेळ तग धरत नाहीत, या गुणाला नेगेली नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलेलं नाव 1893 साली छापून आलं. तेही तिच्या कानावर असायचं कारण नव्हतं. वाळू मात्र पितळच सोसतं. मऊ प्लॅस्टिकमध्ये वाळू खळखळवली किंवा तारेची घासणी घातली, तर आतल्या बाजूला बारीक ओरखडे उठतात आणि घाणीला बसायला जागा होते. काही जण वाळूऐवजी मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून बाटली हलवतात. ते चालतं. तळाच्या कोपऱ्यातला चिकटा निघतो आणि ओरखडेही पडत नाहीत.

पण बाटलीचं पोट हा या प्रकरणातला सोपा भाग. बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो आत फिरवला की काम झालं. खरी भानगड टोपणात आहे.

टोपण हातात घ्या. आतल्या कडेला बाटलीच्या तोंडावर घट्ट बसणारं रबराचं वायसर असतं. ते काढायला सेफ्टीपिनचं टोक लागतं, आणि एक बाजू उचलली की ते सापाच्या कातीसारखं सुटत येतं. त्याच्याखाली जी खाच असते तिथं बोट फिरवलं तर बुळबुळ लागते. बहुतेक वेळा काळी बारीक रेघही दिसते, जणू कुणी शिसपेन्सिलनं आखलीय. ती बुरशी. मग तोटी. ती नुसती ओढून उघडते तेवढीच असते असं आपल्याला वाटतं. पण अंगठ्यानं खालून रेटलं तर टक्‌ आवाज करून अख्खी बाहेर निघते. तोटीच्या पोकळ दांड्याच्या आत, जिथून दर घोट आपल्या तोंडात आला, तिथं पिवळट-करडा थर असतो. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला तर कापूस रंग सांगतो. शेवटी टोपणाचे आटे. लिंबू सरबत सांडून आट्यांत वाळलेलं असतं, त्यावर रस्त्याची धूळ. नाकाशी नेलं तर आंबूस, कुबट असा वास येतो. कपाटात राहिलेल्या ओल्या पंचाला येतो त्या जातीचा. टोपण एकदा असं सुटं करून बघितलेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. म्हणून नव्यानं आलेल्या पोरांना मी स्वच्छतेवर भाषण देत नाही, खिशातली सेफ्टीपिन देतो.

ही बुळबुळ म्हणजे नुसता मळ नव्हे. पाण्यातले जीव पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणाखाली वस्ती करून राहतात. नुसत्या पाण्याच्या धारेला ते दाद देत नाहीत, औषधही वरच्या वर थोपवून धरतात. डेल्फ्टचा कापड-व्यापारी लेवेनहुक यानं 1683 साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून आपल्या भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे जीव दिसले आणि त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. पुढे त्यानं दातांवर व्हिनेगर घेऊन पाहिलं, तर वरचे जीव मेले, पण थराच्या आतल्यांपर्यंत ते पोचलंच नाही. हेही त्यानं कळवून ठेवलंय. आज मोबाइलवर बघून बाटलीत व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवणाऱ्यांना हे जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचून दाखवायला हवं. आधी घासा, मग ओता. थर हातानं मोडल्याशिवाय कुठलंही पाणी, कितीही तिखट असलं तरी, आत शिरत नाही.

त्यातून साखर. इथं मात्र कागलच्या माणसाला बाहेरच्या पुस्तकाची गरज नाही. गावालाच छत्रपती शाहू साखर कारखाना आहे, आजूबाजूला आणखी आहेत, आणि गळीत हंगाम सुरू झाला की हवेलाच मळीचा वास येतो. कुठल्याही कारखान्याच्या लॅबमधल्या माणसाला शिळ्या उसाबद्दल विचारा. तोडलेला ऊस उन्हात तीन-चार दिवस पडून राहिला, की कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जीव आत शिरतो आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकटा बनवतो. रस तारेला येतो, गाळणीत अडतो, साखरेचे दाणे घाटदार पडायच्या ऐवजी सुईसारखे लांबट पडतात, आणि उतारा घटतो तो वेगळाच. म्हणून गाळपाच्या भागातल्या पन्हळी आणि चाळण्या गरम पाण्यानं, वाफेनं, औषध मारून सारख्या धुवाव्या लागतात. ऊस पिळणारे रोलर कितीही दांडगे असले, तरी रस वाहून नेणाऱ्या पन्हळीचा कोपरा कुणी धुतला नाही तर कारखान्याला फटका बसतो. पाश्चरनं 1861 साली या बुळबुळीत आंबण्याचा अभ्यास केला, व्हान टिगेम या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1878 साली त्या जिवाचं बारसं केलं. गंमत अशी की हाच जीव इडलीचं पीठ फुगवतो. याच डेक्स्ट्रानला शुद्ध करून पुढे रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेत सलाईनसारखं सोडायला घेतलं. त्याच्याशी आपलं वैर नाही. जागा चुकली एवढंच.

आता आमच्या मंडळींच्या बाटल्यांत काय असतं? एका गटाची नारंगी रंगाची परदेशी पावडर, दुसऱ्या गटाचं ओआरएस. हे दुसरं शहाणपणाचं. साखर आणि मीठ ठरल्या मापात असलं की आतडं पाणी लवकर ओढून घेतं, हे 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो पटकीच्या रुग्णांवर दाखवून दिलं. तिसरा गट अस्सल इथला, गूळ-लिंबू-मीठवाला. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या गटाची छाती जरा जास्तच फुगलीय. मी स्वतः याच गटात मोडतो. निढोरीहून मुदाळ तिट्ट्याला वळलं की ऊन तापायला लागतं, तेव्हा त्या गुळपाण्याला तोड नाही. पण गुळाचं पाणी बाटलीत दुपारपर्यंत राहिलं, की काय होतं ते वर सांगितलंच. गुऱ्हाळावरचा गुळव्या रस साठवून ठेवत नाही. चरकातून आला की गाळून काहिलीत, आणि खाली चुलवाणाला चिपाडं. त्याला माहीत असतं की रसाची वाट बघायची नसते.

म्हणून माझ्या मते बाटलीबाबतचा पहिला नियम धुण्याचा नाहीच. पिंजरे दोन लावावेत, एका बाटलीत कायम साधं पाणी आणि दुसरीत काय ते गोड. बाटल्यांची अदलाबदल करायची नाही. तोंड धुवायला, गुडघा खरचटला तर धुवायला, तोटीवर उडालेला चिखल धुवायला साधं पाणी लागतं. गोडाची बाटली घरी आल्या आल्या, बूट काढायच्या आत, मोरीत रिकामी करायची. हे शेवटचं कलम लोक मोडतात. घरी आल्यावर आधी फोटो टाकायचे असतात, पोहे खायचे असतात. बाटली पिंजऱ्यातच राहते आणि पुढच्या शनिवारी रात्री आठवते.

आमच्याकडे असा आळस खपवून न घेणारी वस्तू होती ती दुधाची किटली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरात ती असते. गोकुळ दूध संघ 1963 साली उभा राहिला तेव्हापासून तर गावाचं घड्याळच डेअरीच्या वेळेवर चालतं. डेअरीहून रिकामी किटली आली, की आई आधी गार पाण्यानं विसळायची. गरम पाणी आधी घालू द्यायची नाही. "ऊन पाणी घाटलंस की दूध भांड्याला धरतंय बघ, मग घासत बस," असं म्हणायची, आणि ते खरंच आहे. उष्णतेनं दुधातली प्रथिनं गोठून पत्र्याला चिकटतात. मग कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, झाकणाची कड काथ्यानं, आणि किटली कट्ट्यावर पालथी. पालथी म्हणजे जमिनीला टेकून नव्हे, खाली दोन चिपाडं ठेवून, आत वारं खेळेल अशी. झाकण बाजूला, वेगळं. किटली आणि झाकण एकत्र ठेवलेलं तिला चालायचं नाही. डेअरीत सेक्रेटरी आधी किटलीचं झाकण उघडून हुंगायचा, मग माप. मोठ्या दूध केंद्रांत याहून पक्की परीक्षा असते. दुधात मेथिलिन ब्ल्यूचे निळे थेंब टाकून ठेवतात. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडून दूध परत पांढरं होतं.

बाटलीचं आणि किटलीचं हेच अंतर आहे. दूध चुगली करतं, सकाळची हयगय संध्याकाळी नासून दाखवतं. पाणी तोंड उघडत नाही. घाणेरड्या बाटलीतलं पाणी दिसतं स्वच्छ, लागतंही बरं, गार असलं तर उलट जास्तच बरं. पोट बिघडलं तर आपण दोष देतो तो वाटेतल्या मिसळीला.

मिसळीवर सगळं ढकलणाऱ्यांना एक हकीकत सांगण्यासारखी आहे. 2007 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरातली एक सायकल शर्यत भर पावसात झाली. शर्यतीनंतर बरेच स्पर्धक जुलाबानं आडवे झाले. तपासात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो जनावरांच्या शेणात असतो, आणि तिथं तो पोटात गेला होता रस्त्यावरून उडालेल्या चिखलातून. आता आपला रस्ता बघा. हंगामात ऊस वाहणाऱ्या अंगद गाड्या, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, उसाच्या बैलगाड्या. त्यातून गावाच्या वेशीवर म्हशींची वरात. पुढच्या चाकाचा फवारा बरोबर मधल्या दांडीवर येतो आणि तिथंच आपण तोंडाला लावायची तोटी उघडी करून ठेवलेली असते. पावसाळ्यात चाकावर मडगार्ड लावणं म्हणजे सायकलचा रुबाब घालवणं, असं तरुण मंडळींना वाटतं. वाटू दे. तोटीवर रबरी टोपी असलेली बाटली घ्यावी, ती मिळाली नाही तर प्लॅस्टिकची लहान पिशवी आणि रबर. दिसायला गबाळं दिसतं, पण पोटाला चालतं.

औषधाचं म्हणाल तर ते गावात कधीपासूनच आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, शाळेत ओटी टेस्टची बाटली येते, नळाच्या पाण्यात थेंब टाकला की पिवळं होतं आणि पोरं टाळ्या वाजवतात. महापूर येऊन गेला की आशाताई मेडिक्लोरच्या बाटल्या वाटत फिरतात. क्लोरीनचं हे शहाणपण सायकलच्या बाटलीलाही लागू आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. साबणानं आणि ब्रशनं घासून झाल्यावरच क्लोरीन. कारण मळ शिल्लक असला तर क्लोरीन मळाशीच झुंजण्यात संपून जातो. घरातलं साधं, वास नसलेलं ब्लीच लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा, त्यात बाटली, टोपण, तोटी, वायसर सगळं सुटं करून अर्धा तास बुडवायचं, मग वास जाईपर्यंत धुवायचं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडासाचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. ज्यांना ब्लीचची धास्ती वाटते त्यांनी कवळी धुण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या वापराव्यात. आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ त्याच वापरतात. घरात गोळ्या आयत्या असतात. उकळतं पाणी मात्र मऊ बाटलीत ओतू नये. बाटली पिचून वाकडी होते आणि मग टोपण कधीच नीट बसत नाही.

एक उलटसुलट गोष्ट इथं नोंदवायला हवी. हल्ली घरोघर जारचं नाहीतर मशीनचं 'शुद्ध' पाणी असतं, आणि मंडळी तेच बाटलीत भरून आणतात. त्या पाण्यातला क्लोरीन मशीनमध्येच निघून गेलेला असतो. पाणी चांगलंच, पण घाण बाटलीत पडलं की त्याच्याकडे राखणदार नसतो. पालिकेच्या नळाच्या पाण्याला जो थोडा औषधाचा वास येतो आणि ज्याला आपण नाकं मुरडतो, तो त्या राखणदाराचाच. अर्थात मूळ पाणीच बिघडलं तर बाटली चकचकीत असून उपयोग नाही. 2012 साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची जी साथ आली तिनं ते दाखवून दिलं. तिथं घरातल्या तांब्या-कळशा काही अस्वच्छ नव्हत्या.

उन्हाळ्यात, हिवाळ्यात बाटली वाळवणं काही अवघड नाही. खिडकीत पालथी घातली की तासा-दोन तासांत खडखडीत. प्रश्न येतो आषाढ-श्रावणात. राधानगरीकडून ढग आले की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, मीठ सुटतं, पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही. त्या दिवसांत बाटली पालथी ठेवली तरी आत ओल राहते, आणि ओलीतच सगळं वाढतं. काही जण फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीनं वाढ थांबते, जीव मरत नाहीत. बाहेर काढलं की परत सुरू. मी सुती फडक्याची वात करून बाटलीत सोडतो, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि फ्रीजच्या मागच्या बाजूला जिथं कोमट हवा असते तिथं ठेवतो. टोपण, वायसर, तोटी ताटलीत. पत्नीला ती ताटली पसंत नाही. तिचं म्हणणं, स्वयंपाकघरात सायकलचे पार्ट कशाला? यावर उत्तर असं की जे तोंडात जातं ते स्वयंपाकघरातच असावं. ते उत्तर मी अजून मोठ्यानं दिलेलं नाही.

आणि मग उष्ट्याचा विषय. आमच्या पिढीवर वरून पाणी पिण्याचा संस्कार पक्का. तांब्याला ओठ लागता कामा नये, लागला तर तो घासून घ्यायचा. दाबून धार सोडणारी बाटली या संस्काराला अगदी सोयीची. चार बोटं अंतरावरून तोंडात धार, कुणाचं उष्टं कुणाला नाही. आरोग्याच्या अंगानं हा रिवाज चांगलाच आहे, मी पाळतो. पण याच रिवाजाच्या आडून आपल्याकडे शतकानुशतकं दुसरंच काही पाहिलं गेलं. भांड्याला काय लागलंय यापेक्षा कोण लागलंय याकडे डोळे असायचे. पाणवठ्याचा दगड शेवाळलेला चालायचा, माणूस चालायचा नाही.

या गोष्टीला कागलच्या घाटग्यांच्या घरातून जबरदस्त धक्का मिळाला. 1874 साली या घराण्यात जन्मलेले यशवंतराव दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. कोल्हापूर संस्थानात 1919 साली त्यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा सगळ्यांना सारख्या खुल्या करण्याचे हुकूम काढले. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल घालून दिलं आणि तिथं स्वतः, बरोबरच्या सरदारांसह, चहा पिऊ लागले. 21 आणि 22 मार्च 1920 ला जिथं ते आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले, ते माणगाव तेव्हा कागलच्याच जहागिरीत होतं. शंभर वर्षं होऊन गेली. आज आमच्या रविवारच्या टोळीत कुणाची बाटली कुणाकडे जाते हे कुणी विचारत नाही. निदान रस्त्यावर तरी. घरी गेल्यावर कामवाल्या बाईंचा कप वेगळा ठेवणारी घरं मी याच गावात पाहिली आहेत, आणि त्या घरातल्या सायकलच्या बाटलीचं टोपणही पाहिलंय.

सायकलच्या जगातला सगळ्यात गाजलेला फोटो हा असाच बाटली देण्याघेण्याचा आहे. 1952 सालची टूर द फ्रान्स, आल्प्सचा चढ, इटलीचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी फाउस्टो कोपी आणि जीनो बार्ताली, आणि दोघांच्या हातात एकच बाटली. कोणी कोणाला दिली यावर इटलीत आजतागायत वाद आहे. बार्तालीचे म्हणतात आमच्यानं दिली, कोपीचे म्हणतात आमच्यानं. हल्ली त्या शर्यतींत बाटलीबद्दल वेगळेच नियम निघाले आहेत. ठरलेली जागा सोडून बाटली रस्त्याकडेला फेकायची नाही. 2021 च्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये मिखाएल शेर या स्विस सायकलपटूनं ती प्रेक्षकांकडे टाकली म्हणून त्याला शर्यतीतून बाद केलं. त्याआधी त्या रिकाम्या बाटल्या गोळा करून पोरं वर्षानुवर्षं जपत. त्या आतून कशा असतील, ही शंका माझ्यासारख्यालाच यायची.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मुदाळ तिट्ट्याच्या पुढे राधानगरीच्या रस्त्याला होतो. एका कॉलेजच्या पोराची साखळी निसटली, हात काळे झाले आणि त्याची बाटली आधीच संपलेली. मी माझी साध्या पाण्याची पुढे केली. त्यानं ती घेतली, पण पिण्याआधी टोपण तिरकं धरून उजेडात तोटीकडे बघितलं.

"काका, कधी धुतलीसा?"

"काल रात्री. सगळं सुटं करून."

"वायसर काढून?"

"होय बाबा, काढून."

"मग ठीक हाय," म्हणाला, हात उंच करून दोन घोट प्यायला, आणि उरलेल्या पाण्यानं शांतपणे साखळीचं तेल लागलेले हात धुऊन टाकले. राधानगरी अजून लांब होतं.